घोडं नेमकं कुठं पेंड खातंय: ऑफिसच्या कामाला व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग कसं लावायचं

प्रवासाचा क्लेम टाकला आणि पैसे खात्यात यायला १३ दिवस लागले. चौकशी करायला गेलात तर असिस्टंट मॅडम म्हणतात माझ्याकडे एका दिवसाच्या वर काही राहतच नाही, मॅनेजर म्हणतात मी तर दोन-तीन मिनिटांत अप्रूव्ह करतो, अकाउंट्सवाले म्हणतात पाव तासाचं काम आहे हो. गंमत म्हणजे यातलं कोणीच खोटं बोलत नसतं. प्रत्येकजण आपापल्या हातातला वेळ सांगतो, आणि दोन टेबलांच्या मधे फाइल जी पडून असते तो वेळ कोणाच्याच नावावर नसतो, म्हणून तो कोणी सांगत पण नाही. व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग, म्हणजे व्हीएसएम, ही हा मधला वेळ कागदावर आणायची पद्धत आहे. बाकी चिन्हं, बाण, रंगीत चिठ्ठ्या वगैरे सगळं त्याच्यासाठीच.

पद्धत आली टोयोटाच्या कारखान्यातून. तिथं माल कसा फिरतो आणि माहिती कशी फिरते याची चित्रं काढायचे, नव्वदच्या दशकाच्या शेवटी माइक रॉदर आणि जॉन शूक यांनी ती व्हॅल्यू स्ट्रीम मॅप या नावाने बाहेर आणली. कारखान्यात एक सोय असते, दोन मशीनच्या मधे माल साठला तर तो डोळ्याला दिसतो, पाय अडखळतो त्याला. ऑफिसमधे साठलेलं काम इनबॉक्समधे असतं, कोणाच्या तरी ड्रॉवरमधे असतं, "अंडर रिव्ह्यू" असं गोंडस नाव घेऊन सिस्टिममधे असतं. म्हणून मला तर वाटतं की कारखान्यापेक्षा ऑफिसला याची जास्त गरज आहे.

आणि हो, हा फ्लोचार्ट नाही. फ्लोचार्ट सांगतो कशानंतर काय, हा नकाशा सांगतो की कशानंतर किती वेळाने काय, आणि पुढच्याला मिळालं ते धड मिळालं का. फ्लोचार्ट एसओपीत (काम कसं करायचं ते लिहून ठेवलेली ठरलेली पद्धत) असतोच सगळ्यांकडे, त्याने आजवर कोणाची फाइल लवकर सुटलेली मी तरी पाहिली नाही.

आधी एकच काम निवडा आणि दोन्ही टोकं बांधून टाका

"आमचा अकाउंट्स विभाग सुधारायचाय" असं म्हणून बसलात तर नकाशा भिंतभर होईल आणि कामाचा काही निघणार नाही. एक सेवा घ्या, तिच्यातला पण एकच प्रकार घ्या. उदाहरणाला आपण प्रवास खर्चाचा क्लेमच घेऊ, त्यात पण साधे क्लेम, अ‍ॅडव्हान्स न घेतलेले. परदेश दौरे, अ‍ॅडव्हान्सची वजावट, वादात पडलेली बिलं हे सगळं बाजूला, त्यांचा रस्ता वेगळा असतो.

मग घड्याळ कधी चालू आणि कधी बंद ते ठरवा, आणि ते ज्याला सेवा मिळते त्याच्या बाजूने ठरवा. क्लेम सबमिट केला तेव्हा चालू, पैसे खात्यात दिसले तेव्हा बंद. "फायनान्सने रिलीज केलं" तिथं बंद करायचा मोह होतो कारण तिथं रिपोर्ट चांगला दिसतो, पण ज्याचे पैसे अडकलेत त्याला तुमच्या रिलीजशी काय करायचंय.

टीममधे पाच-सात जण पुरे. त्यातले बहुतेक रोज हे काम हाताने करणारे हवेत, आणि एक जण असा हवा की जो "ही सही काढून टाका" असं म्हणू शकतो, नाहीतर सगळं होऊन शेवटी वर विचारून सांगतो असं होतं आणि तिथंच ते मरतं. फक्त साहेब लोक मीटिंग रूममधे बसून नकाशा काढत असतील तर तो एसओपीचाच नकाशा होतो, म्हणजे काम जसं व्हायला हवं तसा. आपल्याला ते जसं होतं तसं पाहिजे.

चालत जा, आणि उलटं जा

आता उठायचं आणि कामाच्या जागी जायचं. सुरुवात शेवटच्या टेबलापासून करा, पेमेंटपासून मागे मागे. उलटं का, तर पुढून गेलं की आपण मनातल्या एसओपीवर टिकमार्क करत जातो, मागून गेलं की प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं की हे तुमच्याकडे कुठून आलं, कसं आलं, आणि जसं पाहिजे होतं तसं आलं का. घरून काम करणारे असतील तर स्क्रीन शेअर करायला सांगा, पण त्यांचा खरा इनबॉक्स उघडून, डेमो नको.

प्रत्येक टेबलावर मी एवढंच विचारतो. आत्ता या क्षणी किती पेंडिंग आहेत (अंदाज नको, इनबॉक्स उघडा, मोजू या). एक केस हातात घेतली आणि मधे कोणी डिस्टर्ब केलं नाही तर किती मिनिटं लागतात. आली की लगेच घेता का साठवून घेता, साठवून घेत असाल तर कोणत्या वारी. अर्धवट आली तर काय करता, परत पाठवता का फोन करून विचारता का स्वतःच दुरुस्त करून टाकता. या शेवटच्या प्रश्नावर थांबा जरा. लोक वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या चुका गुपचूप दुरुस्त करत असतात आणि त्यालाच आपलं काम समजतात, विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

स्टॉपवॉच घेऊन डोक्यावर उभं राहू नका, माणसं घाबरतात आणि मग आकडे पण घाबरलेले येतात. "साधारण किती" असं विचारा, दोघा-तिघांना विचारा, झालं. मिनिटांमधे थोडी चूक चालते, कारण पुढे दिसेलच की खरा खेळ दिवसांचा आहे. दिवस मात्र कोणाच्या आठवणीवर घेऊ नका. अलीकडे बंद झालेल्या २० केसेस काढा आणि त्यांच्यावरच्या तारखा वाचा, कधी आली, कधी पुढे गेली, सिस्टिमच्या हिस्टरीत असतं नाहीतर इनवर्डच्या शिक्क्यावर असतं. २० तारखांच्या यादीसमोर "आमच्याकडे लगेच होतं" हे वाक्य टिकत नाही. आणि सरासरीच्या जोडीला मधली केस पण बघा (दिवसांच्या चढत्या क्रमाने लावल्या की बरोबर मधे येते ती), एखादा ६० दिवस रखडलेला क्लेम सरासरीची पार वाट लावतो.

कागदावर कसं काढायचं

मोठा कागद, पेन्सिल, चिकटचिठ्ठ्या. सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी उघडूच नका, एक माणूस माउस धरतो आणि बाकीचे सहा जण बघत बसतात. भिंतीवरच्या कागदावर सगळे हात लावतात, "अरे हे असं नाहीये" म्हणून चिठ्ठी उचलून दुसरीकडे लावतात, तिथं खरी माहिती निघते.

वर उजव्या कोपऱ्यात ग्राहकाचा डबा, म्हणजे क्लेम टाकणारा, आणि त्याच्याखाली दिवसाला किती मागणी येते तो आकडा. मधल्या पट्ट्यात डावीकडून उजवीकडे कामाचे डबे. पाच ते दहाच्या मधे ठेवा, "मेल उघडतो, अटॅचमेंट डाउनलोड करतो" एवढ्या बारीक जाऊ नका. नवीन डबा कधी, तर काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं किंवा थांबून परत सुरू झालं तेव्हा. दोन डब्यांच्या मधे त्रिकोण, त्यात तिथं साठलेल्या केसेसचा आकडा. वरच्या पट्ट्यात माहिती कशी फिरते ते, कागद किंवा फोन असेल तर सरळ बाण, कॉम्प्युटरवरून असेल तर विजेसारखा नागमोडी बाण. ऑफिसमधे मुळात कामच माहितीचं असल्यामुळे इथं लोक गोंधळतात, तेव्हा वरच्या पट्ट्यात फक्त एवढंच दाखवा की आता पुढे काय करायचं हे त्या माणसाला कळतं कसं. रिमाइंडर मेल, "जरा बघा ना" वाले फोन, आणि प्रत्येकाने आपापली ठेवलेली खासगी एक्सेल शीट. अशा शीट चार सापडल्या तर समजा सिस्टिमवर कोणाचाच विश्वास नाहीये.

सगळ्यात खाली वेळेची रेघ, किल्ल्याच्या तटासारखी वर-खाली जाणारी. वरच्या कंगोऱ्यावर थांबलेला वेळ, खालच्या खाचेत कामाचा वेळ.

प्रत्येक डब्याखाली तीन आकडे लिहा, तीनच. प्रोसेस टाइम म्हणजे हात लागलेली मिनिटं. लीड टाइम म्हणजे त्या टेबलावर आल्यापासून पुढे जाईपर्यंतचा सगळा वेळ. आणि तिसरा तो बहुतेक लोक सोडून देतात, कम्प्लीट अँड अ‍ॅक्युरेटचा टक्का: या टेबलावरून गेलेल्या १०० केसेसपैकी किती पुढच्याला काही न विचारता, न दुरुस्त करता तशाच वापरता आल्या. हा आकडा काम करणाऱ्याला विचारायचा नाही, पुढच्या टेबलावरच्याला विचारायचा. स्वतःच्या स्वयंपाकाला कोण नावं ठेवतं.

आकडे मांडून बघू

आपल्या क्लेमचं चित्र समजा असं आलं. असिस्टंटची तपासणी, काम १० मिनिटं, त्याच्या आधी थांबणं १ दिवस. मॅनेजरचं अप्रूव्हल, काम ३ मिनिटं, थांबणं ३ दिवस. अकाउंट्सची पडताळणी, काम १५ मिनिटं, थांबणं ४ दिवस. फायनान्स हेडची सही, काम २ मिनिटं, थांबणं २ दिवस. पेमेंट, काम ५ मिनिटं, थांबणं ३ दिवस कारण बॅच आठवड्यातून एकदाच निघते.

बेरीज केली तर काम ३५ मिनिटं, थांबणं १३ कामाचे दिवस. आठ तासांचा दिवस धरला तर १३ दिवस म्हणजे ६,२४० मिनिटं. म्हणजे फाइलला हात लागलेला वेळ एकूण वेळेच्या जेमतेम अर्धा टक्का! हा आकडा भिंतीवर लिहिला की खोलीत एकदम शांतता होते, मग कोणीतरी म्हणतं की मोजण्यात काहीतरी चूक आहे. चूक नसते. ऑफिसच्या कामात हा टक्का एक आकडी येणं अगदी नेहमीचं आहे.

आता गुणवत्ता. लोकांनी भरून पाठवलेले ६० टक्के क्लेम असिस्टंटला जसेच्या तसे चालतात, असिस्टंटकडून गेलेले ७५ टक्के पुढे चालतात, मॅनेजरकडून गेलेले ९५ टक्के, अकाउंट्सकडून गेलेले ९५ टक्के. हे आकडे बेरजेत नाही, गुणाकारात जातात: ०.६० गुणिले ०.७५ गुणिले ०.९५ गुणिले ०.९५, उत्तर ०.४१ च्या आसपास. १०० क्लेमपैकी ४१ सरळ गेले, उरलेले ५९ कुठंतरी एकदा तरी अडखळले, परत आले, कोणीतरी फोन केला.

अजून एक हिशेब येत असू द्या, १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला साधा नियम आहे: साठलेल्या केसेस भागिले रोज निपटणाऱ्या केसेस बरोबर थांबायचा वेळ. अकाउंट्सच्या त्रिकोणात ६० क्लेम आहेत, रोज १५ निघतात, म्हणजे आज आलेल्याला ४ दिवस लागणारच, मॅडम कितीही मन लावून काम करोत. तारखा मिळत नसतील तर नुसता गठ्ठा मोजूनही थांबण्याचा बरा अंदाज येतो तो यामुळे.

आणि अकाउंट्सच्या मॅडमना दिवसातले साधारण ४ तासच क्लेमसाठी मिळतात, बाकी वेळ दुसरी कामं. २४० मिनिटं भागिले १५ क्लेम म्हणजे एका क्लेमला १६ मिनिटं हातात. याला टॅक्ट टाइम म्हणतात. लागतात १५. वरवर बघितलं तर जमतंय की. पण म्हणजे त्या ९४ टक्के भरलेल्या आहेत, आणि ज्या टेबलाला श्वास घ्यायला जागा नाही तिथं रांग चढत जाते. एका खिडकीच्या रांगेचं साधं गणित आहे, ८० टक्के भरलेली असेल तर खिडकीपाशी सरासरी ४ जण असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. एक सुट्टी पडली, एका दिवशी पाच क्लेम जास्त आले, की तो गठ्ठा महिनाभर उतरत नाही. "सगळे बिझी आहेत म्हणजे काम नीट चाललंय" ही समजूत इथं उलटी पडते.

आता घोडं कुठं पेंड खातंय ते बघा

लीनवाले, म्हणजे टोयोटाच्या पद्धतीने काम सुधारणारे, इथं टोयोटाच्याच ताइइची ओनो यांचे सात प्रकारचे अपव्यय काढतात आणि प्रत्येक चिठ्ठीला प्रकार लावत बसतात. मी त्यात वेळ घालवत नाही, हा अपव्यय तिसऱ्या प्रकारचा का पाचव्या यावर तासभर वाद झालेला मी पाहिलाय. नकाशावर जिथं मोठा त्रिकोण किंवा कमी टक्का दिसतो तिथं लाल पेनाने तारा काढा आणि विचारा की इथं का थांबतं. उत्तर बहुतेक वेळा चारातलं एक येतं. साठवून करतात. सहीची वाट बघतात. अर्धवट आलंय. किंवा माणूस दुसऱ्या कामात आहे.

गंमत बघा, अकाउंट्समधे रांग ४ दिवसांची आहे म्हणून पहिली मागणी येते की अकाउंट्सला अजून एक माणूस द्या. पण अकाउंट्सचे ते १५ मिनिटं जातात कशात, तर बिलं हुडकण्यात, कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च कोणत्या विभागाच्या नावावर टाकायचा, ते फोनवर विचारण्यात. चूक फॉर्मवर होतेय आणि माणूस अकाउंट्सला वाढवणार, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पुढचा नकाशा, म्हणजे काम जसं हवं तसा

क्रम महत्त्वाचा आहे आणि माझा क्रम ठरलेला आहे. आधी उगमाला गुणवत्ता, मग डबे कमी करणं, मग बॅच, मग रांगेची शिस्त, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, आधी पोर्टल आणतात, मग तीच सहा टेबलं पोर्टलवर चढवतात, आणि मग फाइल पोर्टलमधे पडून राहते.

उगमाला म्हणजे फॉर्मवर. परत आलेल्या ३०-४० क्लेमची कारणं लिहून काढा, बहुतेक दोन-तीन कारणांतच मोठा हिस्सा सापडेल. बिल जोडलं नाही तर फॉर्म सबमिटच होऊ नये, कॉस्ट सेंटर टाइप करायचं नाही तर यादीतून निवडायचं, नियम फॉर्मवरच त्या त्या रकान्याशेजारी एका ओळीत. समजा यामुळे ६० चे ९० टक्के झाले, तर असिस्टंटचा तपासणीचा डबाच काढता येतो, कारण त्या जे बघत होत्या ते आता फॉर्म बघतोय. (मॅडमना हे आधी जाऊन सांगा, आणि मोकळ्या वेळात त्या काय करणार ते पण सांगा. नकाशात आपला डबा गायब झालेला माणसाला भिंतीवर बघून कळू नये.)

सह्यांचं जरा जपून. प्रत्येक सहीला एक प्रश्न विचारा: मागच्या १०० पैकी किती या टेबलावर नाकारले गेले. उत्तर शून्य असेल तर ती सही म्हणजे नुसता उपचार आहे. फायनान्स हेडची सही एका ठरावीक रकमेच्या वरच्या क्लेमलाच ठेवा, खालच्यांतले थोडे नंतर नमुना म्हणून तपासा. पण एकाने करायचं आणि दुसऱ्याने बघायचं, ही मेकर-चेकरची जोडी मोडू नका, आणि काहीही काढण्याआधी ऑडिटवाल्यांना त्याच खोलीत बोलवा. नंतर कळवलं की ते नाहीच म्हणतात, आधी बोलावलं तर स्वतःच सुचवतात.

मॅनेजरचे ३ दिवस हे तीन मिनिटांच्या कामाचे आहेत, म्हणजे सवयीचे. रोज एक ठरलेली वेळ, पंधरा मिनिटं, आणि रजेवर असतील तर कोणाकडे जाणार ते आधीच सिस्टिममधे. पेमेंटची बॅच आठवड्यातून दोनदा केली की सरासरी थांबणं सव्वा दिवसावर येतं. आणि अकाउंट्सला जो आधी आला तो आधी, मधे कोणाचा "अर्जंट आहे हो" नाही. अर्जंटची रांग जितकी लांब तितकी साधी रांग सडते, आणि मग सगळेच अर्जंट होतात.

नवीन बेरीज करू. मॅनेजर ३ मिनिटं, थांबणं १ दिवस. अकाउंट्स १० मिनिटं कारण हुडकाहुडकी गेली, थांबणं १ दिवस. पेमेंट ५ मिनिटं, थांबणं सव्वा दिवस. एकूण १८ मिनिटं काम आणि सव्वातीन दिवस. सरळ जाणारे क्लेम ०.९० गुणिले ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे १०० पैकी ८१. अकाउंट्सच्या मॅडम २४० पैकी १५० मिनिटं भरलेल्या, म्हणजे ६२ टक्क्यांच्या आसपास, रांग चढायचं कारणच राहिलं नाही. आधी दिवसाला १५ प्रमाणे १३ दिवसांचे १९५ क्लेम सतत वाटेत असायचे, आता पन्नासच्या आत.

इथं एक हुशार माणूस म्हणेल की कामाचा टक्का तर अर्ध्यावरून एकच्या जरा वरच गेला, काय सुधारलं? त्या टक्क्याच्या मागे लागू नका, तो डोळे उघडायला असतो. क्लेम टाकणाऱ्याला १३ चे सव्वातीन दिवस दिसतात.

अंमलबजावणीत कुठं फसतं

आमच्याकडे पहिल्या वेळी दोन गोष्टी फसल्या. एक, नकाशावर डब्यांना माणसांची नावं टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने सरळ बोलणं बंद केलं, कारण त्यांच्या नावाखाली सगळ्यात मोठा त्रिकोण होता. तेव्हापासून डब्यावर कामाचं नाव, माणसाचं नाही. दोन, सात बदल एकदम केले. वेळ कमी झाला, पण कशाने झाला ते कोणालाच सांगता येईना आणि मग जेव्हा परत वाढला तेव्हा कशाने वाढला ते पण कळेना.

तेव्हा बदल एकेक घ्या, प्रत्येकाला एक माणूस आणि एक तारीख. पहिला फॉर्म, कारण त्याला कोणाची परवानगी फारशी लागत नाही आणि फरक पंधरा दिवसांत दिसतो. दर आठवड्याला दोनच आकडे नकाशाशेजारी लिहा: त्या आठवड्यात बंद झालेल्या क्लेमचे दिवस, आणि परत आलेले किती. आकडे तारखांवरून काढा, विचारून नको.

तीन महिन्यांनी तेच सगळे परत शेवटच्या टेबलापासून उलटे चालत जा आणि त्रिकोण मोजा. मोठा त्रिकोण जागा बदललेला असेल, आधी अकाउंट्सला होता तो आता बहुतेक मॅनेजरच्या टेबलावर असेल, कारण ती ठरलेली पंधरा मिनिटं दोन महिन्यांत कोणत्यातरी मीटिंगने खाल्लेली असतात. तिथं नवीन लाल तारा काढा.